चाकाची लिफ्ट

मी बोटीला वल्ह्याने मारत होतो ते माझ्या नातीने खिडकीतून पाहिलं, आणि तिथून लिफ्टचा विषय निघाला.

कॉटेज आम्ही मी रिटायर झाल्यावर घेतलं. मिशिगनमधलं एक लहानसं तळं, ओहायोतल्या आमच्या डब्लिनहून गाडीने चार तास. तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला मासेमारीचं वेड लागलं. गळाला लागलेला मासा मला बघवतसुद्धा नाही. कॉटेज मी नातीसाठी घेतलं होतं. मुलगा जर्सी सिटीत तिसाव्या मजल्यावर राहतो, त्याची ही एकुलती एक, तेव्हा सहा वर्षांची. ती आमच्याकडे एकटी कधी राहिली नव्हती. दर वेळी काहीतरी निघायचं, शाळा, पोहण्याचा क्लास, सर्दी. खरं कारण मुलगा सांगत नसे आणि मी विचारत नसे, कारण ते मला ठाऊक होतं. लहानपणी मी त्याला मारायचो. पट्टीने, कपड्यांच्या हँगरने, आणि सोळाव्या वर्षी त्याने गाडी गॅरेजच्या दारावर घातली तेव्हा बागेतल्या पाण्याच्या पाइपने. त्याला मी संस्कार म्हणायचो. आम्हीही असेच वाढलो, असं चारचौघांत सांगायचो आणि सांगताना हसायचो.

मुलगा माझ्यावर कधी उलटला नाही. तो फक्त लांब राहायला गेला.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला तो मुलीला घेऊन आला. सून डॉक्टर, तिला सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. तळं लहान असलं तरी वारा लांबीने आला की लाटा चांगल्या उठतात. आमची फायबरची जुनी मोटारबोट डॉकला, पाण्यातल्या लाकडी धक्क्याला, दोन दोऱ्यांनी बांधलेली. पुढची दोरी तुटली, बोट आडवी झाली आणि डॉकच्या खांबावर आपटायला लागली. प्रत्येक लाटेला एक धडाका. मी पळत गेलो, छातीभर पाण्यात उतरलो. दोरी धरली तर तिने तळहाताचं कातडं सोलून काढलं. बोट मागे ओढावी तर ती माझ्यासकट खांबावर यायची. एकदा माझा खांदा मध्ये सापडला. मुलगा वरून ओरडत होता, "बाबा, सोडा! लेट इट गो!" शेवटी फायबर फाटल्याचा आवाज आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डॉकवर चढलो, वल्हं उचललं आणि बोटीला मारायला लागलो. तोंडाने शिव्या, अमेरिकेत यायच्या आधीच्या भोसरीच्या वर्कशॉपमधल्या, चाळीस वर्षांत न वापरलेल्या. वल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा थांबलो. वर पाहिलं तर काचेला नाक लावून नात उभी होती.

संध्याकाळी मुलाने मला अंगणात नेलं. आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, ती मला विचारत होती, आजोबा बोटीला का मारतायत, बोटीने काय केलं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही. लिसन. तिला इथे यायचंय. समरमध्ये दोन आठवडे, एकटी. मलाही वाटतं तिला आजीआजोबा मिळावेत. दोन गोष्टी करा. चांगली इलेक्ट्रिक बोट लिफ्ट घ्या, म्हणजे हा तमाशा परत नको. आणि हात उचलायचा नाही. कोणावरच नाही. पुढच्या समरला पाठवतो."

मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी त्याचे शब्द मी मनात पुन्हा म्हणून पाहिले. दोन आठवडे. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी सहा वर्षं थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे लिफ्ट बघायला गेलो. गावाबाहेर एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचं यार्ड होतं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून नव्हती. ती कुठे गेली ते मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. तार आणि कप्पीच्या मध्ये. "पहिलं बोट गेलं तेव्हा कळलं नाही, दुसरं गेलं तेव्हा कळलं," असं म्हणून तो हसला.

बोट लिफ्ट म्हणजे तळ्याच्या तळाशी चार पायांवर उभी राहणारी ॲल्युमिनियमची चौकट. मध्ये पाळणा असतो. बोट पाळण्यावर आणायची आणि पाळणा पाण्याच्या वर उचलायचा, मग लाटा खुशाल आपटू देत. उचलायचं कसं, एवढाच प्रश्न. एक प्रकार पंपाचा, तेलाच्या दाबावर चालणारा. एक इलेक्ट्रिक, बटण दाबलं की मोटर तार गुंडाळते आणि ब्रेक आपोआप लागतो. आणि एक जुना, हाताने फिरवायचा, माणसाच्या छातीएवढ्या उंच चाकाचा. त्या चाकाच्या आसाला एक दातेरी चक्र असतं आणि दात्यांत अडकणारा लोखंडी तुकडा. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या तुकड्याला कुत्रा म्हणायचे. कुत्रा दात्यात नीट बसला की चाक उलटं फिरत नाही. नाही बसला, तर बोटीचं सगळं वजन चाकातून बाहेर पडतं.

मी सरळ चाकापाशी गेलो. हात लावला, फिरवून पाहिलं. वजन हाताला कळत होतं. चाळीस वर्षं मशीनं डिझाइन केली, म्हातारपणी बटणं दाबू?

म्हाताऱ्याने मला बाजूला केलं. त्या लिफ्टवर एक बोट चढवलेली होती. त्याने कोपऱ्यातली एक जाड लाकडी फळी उचलली, पायाने कुत्रा उडवला आणि चाक सोडलं. चाकाच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या. त्यात त्याने फळी घातली. बंदुकीसारखा आवाज झाला, अर्धी फळी उडून कुंपणापलीकडे गेली आणि उरलेली त्याच्या हातात चिरफाळून राहिली. बोट खाली धाडकन आदळली.

"हा तुझा हात," तो मला म्हणाला. मग मुलाकडे वळून म्हणाला, "घरात लहान मूल आहे? मग हे घेऊ नका."

माणूस धंदा सोडून खरं बोलत होता. मला मात्र वाटलं, हा मला शिकवतोय, मुलासमोर. मी म्हणालो, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज. इलेक्ट्रिक फायनल करू." मी म्हणालो, बोट माझी, डॉक माझा. तो म्हणाला, "अँड द किड इज माइन." तिथेच जुंपली. मराठीत, इंग्रजीत, त्या यार्डात, चिरफाळलेल्या फळीवर उभे राहून. मी त्याला भित्रा म्हणालो. अमेरिकेने तुम्हा पोरांचा कणा काढून घेतलाय म्हणालो. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तो एवढंच म्हणाला, "तुमच्या हातात सतत काहीतरी लागतंच, नाही का?" आणि गाडीत जाऊन बसला. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, दोन पावलं टाकलीही. मधे तो दोन बोटं गेलेला म्हातारा आला म्हणून थांबलो.

जुलैत तळ्यापलीकडचा एक माणूस कॉटेज विकून फ्लोरिडाला निघाला. त्याची चाकाची लिफ्ट मी घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना. मुलाला फोनवर सांगितलं, "लिफ्ट घेतली रे." कुठली ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बायको पलीकडून माझ्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, हे बरं नाही केलंत." मी टीव्ही लावला.

ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मुलगा आणि नात परत आले. तळं गोठायच्या आत बोट आणि लिफ्ट दोन्ही बाहेर काढावी लागतात, नाहीतर बर्फ चौकटीचा चुरा करतो. त्यासाठीच तो आला होता. त्यातच दसरा आला होता. मुलगा डॉकवर गेला, चाकासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "यू बॉट द व्हील." मी म्हणालो, तीन महिने काही झालं नाही, मी रोज वापरतो. त्याने मान हलवली. मी ती होकाराची धरली.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. भोसरीत असताना त्या दिवशी सगळी मशीनं बंद, धुऊनपुसून, हळदकुंकू, हार, पेढे. अमेरिकेत आल्यावर गाडीला, लॅपटॉपला, लॉनमोअरला, कशालाही हार घातला आहे मी. ती पूजा मी मुलाला कौतुकाने करायला लावायचो. त्या वर्षी नातीकडून चाकाला कुंकू लावून घेतलं. झेंडू थंडीने मेले होते, म्हणून डब्लिनच्या इंडियन स्टोअरमधून प्लास्टिकच्या झेंडूचा लांबलचक हार आणला होता, नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेला. चाकावर घालून बराच उरला. उरलेलं टोक मी आसाला दोन वेढे देऊन बांधलं.

आता हे लिहायलाच हवं. भोसरीतला आमचा सुपरवायझर शाळा न शिकलेला माणूस, पण हार नेहमी मशीनच्या अंगाला घालायचा, फिरणाऱ्या भागाला कधीही नाही. नव्या पोराने घातला तर त्याच्या कानाखाली वाजवायचा. मी इंजिनिअर. मी दातेरी चक्राशेजारी नायलॉनचा दोरा बांधला आणि वर नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी बोट उतरवायची होती. ती पाळण्यावर वर होती. मुलगा ट्रेलर आणायला वर रस्त्याकडे गेला. बायको स्वयंपाकघरात पुऱ्यांचं पीठ मळत होती. मी तारा ताणलेल्या आहेत ना बघायला चाक थोडं वर फिरवलं आणि सोडलं. कुत्रा बसल्याचा टक् आवाज आला, पण बोदा. रोजचा खणखणीत नव्हता. मी तो ऐकला. गारठ्याने असेल म्हणालो.

नात माझ्याजवळ होती. मेपलची पिवळी पानं तिने ताटलीत जमवली होती, सगळ्यांना सोनं म्हणून द्यायला. तिला ताटलीत फुलंही हवी होती. तिने हारातलं एक फूल ओढलं. मी म्हणालो, हात लावू नको, पूजेचा आहे. तिने दुसरं ओढलं. मी ओरडलो. ती माझ्याकडे वळून, अगदी तिच्या बापाच्या शांत आवाजात म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट प्लास्टिक," आणि दोन्ही हातांनी हार धरून हिसका दिला. दोरा तुटला. फुलं टपाटपा पाण्यात पडली.

मी तिला मारलं.

पूर्ण हाताने, कानावर. सहा वर्षांचं पोर, ते उडून फळ्यांवर पडलं. माझा हात अजून पुढेच होता आणि तेवढ्यात बाजूच्या चाकातून आवाज आला. तिच्या हिसक्याने दोरा कुत्र्याखाली भरला होता आणि कुत्रा निसटला होता. चाक सुटलं. चाकाच्या आरीने माझा हात कोपराखाली धरला आणि खाली आणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दोन हाडं, दोन आवाज. बोट एका बाजूने तिरकी होऊन पाण्यात कोसळली, एक तार तुटून चाबकासारखी डॉकवरून फिरली आणि नात जिथे उभी होती तिथली फळी तिने चिरली. चाक फिरतच होतं. माझ्या रक्ताचे शिंतोडे त्यावरून उडून माझ्याच चष्म्यावर येत होते. पोर किंचाळत होतं. मी किंचाळत होतो की नाही ते मला आठवत नाही.

मुलगा उतारावरून पळत आला. त्याने मुलीला उचललं, चिरलेली फळी पाहिली, माझा भलतीकडेच वळलेला हात पाहिला. बायको पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिनेच पहिल्यांदा ते म्हटलं, "देवा, ढकललंत म्हणून वाचली हो!" मुलगा माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला. स्वतःचा शर्ट काढून माझा हात बांधताना म्हणाला, "थँक यू, बाबा."

मी ते थँक यू ठेवून घेतलं. वेदनेने बोलता येत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण आदल्याच क्षणी चाकाला शिवी मी व्यवस्थित दिली होती.

हॉस्पिटलात धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हात जोडला. दोन दिवस मी शूर होतो. बायकोने डब्लिनला सगळ्यांना फोन केले. कोणी काका म्हणून रडलं, कोणी आरती करायला हवी म्हणालं. मुलगा माझ्या उशा नीट करत होता. पुढच्या समरची तारीख त्याच्या तोंडून यायची मी वाट बघत होतो, हेही लिहून टाकतो. नात मात्र पलंगाच्या पायथ्याशीच उभी राहायची. तिचा कान काळानिळा झाला होता.

सोमवारी सकाळी ते निघायचे होते. नात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून आईशी व्हिडिओवर बोलत होती. आईने कानाचं विचारलं असावं. नात म्हणाली, "आजोबा हॅड टु हिट मी, मॉम. सो द व्हील वुडन्ट."

बायको कौतुकाने म्हणाली, "बघा, किती समजूतदार आहे."

हे मी पूर्वी ऐकलं होतं. हेच वाक्य. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना पाठीवरचे वळ दाखवत आईला विचारायचा, आणि ती त्याला तेल लावत सांगायची, बाबा मारतात ते तुझ्या भल्यासाठी. तो मान डोलवायचा. तेव्हा तोही समजूतदार होता. आता हे पोर जन्मभर असंच मानणार होतं, की माणूस आपल्याला मारतो तेव्हा तो आपल्याला कशातून तरी वाचवत असतो.

मी तिला हाक मारली. तिला नीट कळावं म्हणून इंग्रजीत बोललो. "आय हिट यू बिकॉज आय वॉज अँग्री. द व्हील मूव्ड आफ्टर दॅट. यू डिड नथिंग राँग."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे. बायको म्हणाली, "अहो, औषधाच्या गुंगीत काय बोलताय!" मुलाने हळूच सांगितलं, "आई, तू हिला घेऊन जरा खाली जा." त्या दोघी गेल्या.

मुलगा खिडकीपाशी गेला. माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "मला माहितीय. मी वरून येत होतो. आय सॉ इट."

"मग थँक यू का म्हणालास?"

"ती ऐकत होती, बाबा. तिला वाटू दे चाकामुळे मारलं, असं वाटलं मला. आईने माझ्यासाठी तेच केलं होतं." तो वळला. डोळे कोरडे होते. "तुमचा हात वर जाताना दिसला ना, तेव्हा मी धावलोच नाही. मी जागच्या जागी उभा राहिलो. चाकाचा आवाज आला तेव्हा पाय हलले. थर्टी-सेव्हन इयर्स ओल्ड, आणि मी उभा राहिलो."

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा. तो म्हणाला, "ओके." त्या ओकेलाच माफी धरून मी रडलो. त्याने टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि विमानाची वेळ झाली म्हणून निघाला.

चाकाची लिफ्ट त्या हिवाळ्यात मी भंगारात दिली. वसंतात यार्डातल्या त्या म्हाताऱ्याकडून इलेक्ट्रिक घेतली, आपोआप ब्रेकची. त्याने माझ्या हातावरचा व्रण पाहिला आणि ब्रेक दोनदा लावून दाखवला. या उन्हाळ्यात ते तिघंही आले, चार दिवस. नात एकटी राहिली नाही, मी विषयही काढला नाही. लिफ्टचं बटण तीच दाबते. बोट वर येताना मनापासून हसते, माझ्याशी भरपूर बोलतेही, शाळेतल्या गोष्टी सांगते. पण बोटीत बसण्याआधी तिच्या लाइफजॅकेटचं बकल लावायला मी हात पुढे केला, की तिचे डोळे घट्ट मिटतात आणि मान त्या कानाच्या बाजूने खांद्यात जाते. बोलणं चालूच असतं, तिला ते कळतसुद्धा नाही. मग मी हात मागे घेतो आणि तिच्या बापाला सांगतो, बकल तू लाव.